दुसऱ्या मंगळवारची फुलं

ये पुट्टी, अशी जवळ बस. म्हणजे बसली आहेस असं धरून वाच. तू मारतहळ्ळीत, मी चामराजपेटेत, आणि एकाच गावात राहून नातीला कागदावरून जवळ बोलवावं लागतंय मला, तो राग आधी काढते, मग पुढचं. परवा फोनवर विचारलं, कशी आहेस. म्हणालीस, बरी आहे अज्जी. आवाज उतरलाय म्हटलं, तर नाही गं, बरी आहे. जेवलीस का विचारलं, त्यालाही बरी आहे. जेवणाच्या प्रश्नाला कोणी ‘बरी आहे’ म्हणतं का? मग तुझ्या आईकडून कळलं की महिना झाला तुला झोप नाही, मैत्रिणींचे फोन घेत नाहीस, कामाचे तेवढे घेतेस.

रागावून झालं. उपदेश मला येत नाही, सातवीपर्यंत शिकलेली बाई मी. पण आमच्या वठारात एक बाई राहायची, तिच्याबद्दल तुला सांगायचं कितीतरी वर्षं राहून गेलंय. तू तिला पाहिलं आहेस, आठवत नसेल. ह्या गोष्टीत तूही आहेस, वीस दिवसांची. तुझ्या आईला विचारूनच लिहितेय. ती म्हणाली, सगळं लिही अम्मा, काही गाळू नकोस.

तिचं नाव सुंदराबाई. सगळे सुंदराक्का म्हणायचे. आपल्यासारखीच, घरात मराठी बोलणारी आणि भाजी कन्नडमध्ये घेणारी. वठार म्हणजे काय ते तुला ठाऊक नसणार. मधे अंगण, भोवती सात भाड्याची घरं, एक नळ, आणि एकाच्या घरात कुकरची शिट्टी झाली की सातांना कळणार आज डाळ शिजली. तिचं घर नळासमोरचं, दीड खोलीचं. एकटी. लग्न केलं नव्हतं. का केलं नव्हतं ते आम्ही आपापसात पुष्कळ बोललो, तिला विचारायचं धाडस मात्र कोणाला झालं नाही.

तीस वर्षं टेलिफोनच्या ट्रंक बोर्डावर काम केलं तिनं. तेव्हा परगावी फोन लावायचा तर आधी नोंदवायचा, मग तासन्‌तास वाट बघायची, मग ऑपरेटर बाई दोन्हीकडच्या माणसांना जोडून द्यायची. तीन मिनिटं झाली की मधेच आवाज यायचा, तीन मिनिटं झाली, वाढवू का? तो आवाज म्हणजे आमची सुंदराक्का. पुढे गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ निघाले, लोक आपले आपण फोन लावू लागले, बोर्डावरचं काम आटलं, आणि ती निवृत्त झाली. पण बोर्ड काही तिच्यातून गेला नाही. कोणी बोलायला बसलं की मान डावीकडे कलायची आणि डावा हात कानाशी जायचा, जणू तिथे अजून हेडफोन आहे. समोरचं माणूस बोलत असताना ‘हं’सुद्धा म्हणायची नाही. सांगायची, मधे बोलणारी ऑपरेटर नोकरी घालवते. बोलणारा थांबला, घुटमळला, की मात्र हळूच विचारायची, ‘तीन मिनिटं झाली. लाइन ठेवू की तोडू?’ रडणारं माणूसही त्यावर जरा हसायचं, आणि म्हणायचं, ठेवा अक्का.

सल्ला विचारला की वैतागायची. ‘माझं काम लाइन जोडून द्यायचं. बोलायचं ज्याचं त्यानं.’ हे वाक्य मी शंभरदा ऐकलं असेल.

आणखी एक. तिच्याकडे रिकाम्या हातांनी बसता यायचं नाही. थंडीत अवरेकाळूचे, म्हणजे पावट्याचे, दिवस असले की भिजवलेल्या दाण्यांचं पातेलं पुढे सरकवायची. एकेक दाणा दोन बोटांत दाबायचा, साल मागे राहते, आतली डाळ टुपकन पुढे उडते. नजर दाण्यावर असली की तोंडातून खरं येतं, असं तिचं म्हणणं. बाकीच्या दिवसांत लसूण असायचा, शेंगा असायच्या. वठारातले पुरुष तिच्या घरून लसणाचा वास घेऊन आले की बायका ओळखायच्या, ह्याचं काहीतरी बिनसलंय.

कोपऱ्यावरच्या घरातली नलिनी, बारावीची. परीक्षा आली की ओकायची, हातपाय गार पडायचे. तिच्या आईनं गंडा बांधला, लिंबू उतरवलं, शेवटी दोन थपडाही दिल्या. सुंदराक्कानं तिला बोर्डावरच्या आपल्या पहिल्या दिवसाचं सांगितलं. समोर चाळीस दिवे एकदम पेटलेले, प्रत्येक दिव्यामागे एक माणूस ताटकळलेला, आणि ही खुर्चीत दगड होऊन बसलेली. मागून सुपरवायझर बाई म्हणाली, चाळीस बघू नकोस, एक बघ, त्यात प्लग घाल, मग दुसरा. नलिनीनं पेपरला काय केलं ठाऊक आहे? प्रश्नपत्रिकेवर तळहात ठेवला आणि एकच प्रश्न उघडा ठेवला. तो सोडवला की हात खाली सरकवायचा. पास झाली. पोटातलं भय काही एका परीक्षेत गेलं नाही, पण त्याच्यासोबत बसून पेपर लिहिता येतो, एवढं तिला कळलं.

दर महिन्याचा दुसरा मंगळवार मात्र सुंदराक्काचा स्वतःचा. सकाळी न्हाऊन, धुतलेलं पातळ नेसून, कापडी पिशवी घेऊन मार्केटच्या बसमध्ये बसायची. दुपारी परत येताना मोगऱ्याचा मोठा गजरा आणायची, आणि घरोघर वीतवीतभर तोडून द्यायची. आम्ही समजलो होतो की तिनं कुठल्या तरी देवाचं व्रत धरलंय. ती तसं कधी म्हणाली नव्हती, आम्हीच आपलं समजलो. ती फुलं आम्ही डोळ्यांना लावून माळायचो.

आता तुझ्याकडे येते.

त्र्याण्णवच्या थंडीत तू झालीस. वैजू, तुझी आई, पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे, तुझे बाबा हुबळीला नोकरीवर. आणि पुट्टी, बाळंतपण करण्यात माझा हात धरणारी बाई आख्ख्या चामराजपेटेत नाही, असा मला माज होता. माझ्या आईनं जसं केलं तसंच मी करणार. खिडकी बंद, दारावर पडदा, सकाळी तेल, मग कढत पाणी, मग शेगडी, मग धुरी. डोक्याला घट्ट फडकं, कानात कापसाचे बोळे, वारा शिरता कामा नये. वाचायचं नाही, डोळे बिघडतात. जास्त बोलायचं नाही, वारा पोटात जातो. ह्यातलं एक सुटलं नाही माझ्याकडून. आणि वैजू शहाण्यासारखी सगळं करून घेत होती. दिलेलं खायची, सांगितलं की कुशीवर वळायची, तुला पाजून झालं की माझ्याकडे द्यायची. आठव्या दिवसापासून बोलणं कमी झालं, पंधराव्यापर्यंत जवळजवळ बंदच. मी नळावर सगळ्यांना ऐकवत होते, पोरगी माझी गुणाची, चकार शब्द नाही, अशी बाळंतीण भाग्यानं मिळते.

ही माझी चूक, पुट्टी. मुलगी आतल्या आत बुडत होती आणि मी तिच्या गुणांचं कौतुक करत होते.

सुंदराक्का नळावर घागर भरत होती. तिनं एवढंच विचारलं, रडते का? मी म्हटलं, छे, डोळ्यांत टिपूस नाही. तिनं घागर खाली ठेवली. म्हणाली, ‘रडली असती तर मी घाबरले नसते. मी उद्या तिच्यापाशी बसते स्वल्प.’

दुसऱ्या दिवशी ती अवरेकाळूचं पातेलं घेऊन त्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसली. काही बोलली नाही. दाणे दाबत बसली, तासाभरानं उठून गेली. तिसऱ्या दिवशी मी डोकावले तर वैजूही उशीला टेकून दाणे दाबत होती, दोघी मुक्या, आणि तू पाळण्यात झोपलेली. चौथ्या दिवशी मी पळीत धुरीचा निखारा घेऊन आत गेले आणि दारातच थबकले. सुंदराक्कानं वैजूच्या डोक्याचं फडकं सोडलं होतं आणि तिच्या कानांतले बोळे एकेक करून काढत होती.

मी म्हटलं, अक्का, वारा लागेल तिला.

‘लागू दे,’ ती म्हणाली. ‘वीस दिवस झाले, पोरीला कोणाचा आवाज नीट ऐकू आलेला नाही. तू दुधाकडे बघ जा.’

मी दुधाकडे गेले नाही. पडद्यामागे उभी राहिले. बराच वेळ नुसता दाण्यांचा आवाज, टप, टप. मग सुंदराक्का म्हणाली, ‘तीन मिनिटं झाली वैजू. लाइन ठेवू की तोडू?’

मग माझ्या मुलीचा आवाज आला, इतका बारीक की आधी मला वाटलं पाळण्यातून तूच आवाज केलास.

‘ठेवा,’ म्हणाली. आणि मग म्हणाली, ‘अक्का, मला हिला हातात घ्यायची भीती वाटते. माझ्या हातून हिचं काहीतरी होईल. अम्माला सांगू नका, ती किती करते माझं.’

माझ्या हातातला निखारा तिथेच फरशीवर उतरवला. काळा डाग पडला होता, वठार पाडेपर्यंत होता तो.

सुंदराक्का मधे बोलली नाही. वैजू कितीतरी वेळ बोलली. झोप लागत नाही, तू रडलीस की छातीत धस्स होतं, तुझ्याकडे बघून काहीच वाटत नाही, आणि वाटत नाही म्हणून स्वतःची किळस येते. सगळं संपल्यावर सुंदराक्का उठून बाहेर आली, मी पडद्यामागे आहे हे तिला ठाऊकच असणार, आणि मला म्हणाली, हे मी एकटीनं ऐकून भागणारं नाही, हिला डॉक्टरकडे न्यायचं. कुठल्या, ते सांगितलं. मनाच्या आजारांचं मोठं सरकारी इस्पितळ. तेव्हा गावात त्या बाजूच्या बसलासुद्धा लोक नावं ठेवायचे. तोपर्यंत पोरीला एकटं सोडायचं नाही आणि रागवायचंही नाही, एवढं बजावून ती दारात बसून राहिली.

त्या दिवसांत आजोबांची थोरली बहीण बारशासाठी येऊन राहिली होती. मोठ्या वन्सं. त्यांनी ऐकलं मात्र, ओसरीवरच बैठक मांडली. बाळंतिणीला बाहेर काढायची नाही. ओल्या अंगाला दृष्ट लागली असेल, ती काढायची. वेड्यांच्या इस्पितळात नेलीत आणि हुबळीला कळलं, तर पोरगी कायमची माहेरी बसेल. आजोबा खाली मान घालून बसले. आणि मी, सांगायला लाज वाटते, मीही गप्प. वन्संचं म्हणणं मला पुष्कळसं पटत होतं.

सुंदराक्का दारातून उठून आपल्या घरी गेली. मला वाटलं रागावली. पाच मिनिटांत परत आली ती कापडी पिशवी घेऊन, मंगळवारची. त्यातून एक मळका पुठ्ठ्याचा कागद आणि गोळ्यांची पाकिटं काढली आणि वन्संच्या पुढ्यात, पानाच्या डब्याशेजारी ठेवली.

‘हा माझा कागद,’ ती म्हणाली. ‘दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मी तिथेच जाते. बावीस वर्षं झाली. एकतिसाव्या वर्षी बोर्डावर बसल्या बसल्या माझी वाचा गेली होती. सुपरवायझरनं तिथे नेलं म्हणून आज तुमच्यासमोर बोलतेय. मी वेडी वाटत असेन तर तसं म्हणा, पण पोरीला उद्या न्या.’

सात घरांची दारं उघडी होती. नळ चालू होता, तो कोणीतरी बंद केला.

बघ, बावीस वर्षं जे झाकून ठेवलं ते तिनं एका दुपारी सगळ्यांसमोर ठेवलं, तुझ्या आईसाठी. नात्याची ना गोत्याची. आजोबा उठले, तो कागद दोन्ही हातांनी उचलून तिला परत दिला आणि म्हणाले, सकाळी किती वाजता निघायचं अक्का?

आम्ही गेलो. तुला दुपट्यात गुंडाळून मी, वैजू, आजोबा आणि ती. तिथे लांब बाकं, मोठी झाडं, आणि आपल्यासारखीच माणसं. मला काय वाटलं होतं कोण जाणे. डॉक्टरीण तरुण होती, कन्नडमध्ये बोलली. म्हणाली, असं पुष्कळ आयांना होतं, औषध आहे, वेळ लागेल, आईनं घाई करू नये. घाई करू नये म्हणताना माझ्याकडे बघत होती. घरी आल्यावर मी त्या खोलीची खिडकी उघडली. वन्सं दुसऱ्या दिवशी गेल्या. तुझ्या बाबांना आजोबांनी बूथवरून फोन केला, ते रात्रीच्या गाडीनं निघाले. आल्यावर काही विचारलं नाही त्यांनी, तुला मांडीवर घेऊन वैजूशेजारी बसले.

लगेच बरं झालं असं समजू नकोस. उगादीचा पाडवा आला तरी वैजू कधी कधी दिवसभर भिंतीकडे तोंड करून निजायची. पण एके दिवशी तुला न्हाऊ घालताना तू पाणी उडवलंस आणि ती हसली, आणि मग मला म्हणाली, बाजूला सर अम्मा, मी घालते. मी सरले.

आणि फुलं? त्याच्या पुढच्या दुसऱ्या मंगळवारी सुंदराक्का नेहमीसारखी गजरा घेऊन आली. आता सगळ्यांना ठाऊक होतं ती कुठून येते. दोन घरांनी दार उघडलं नाही. ती त्यांच्या वाटणीची फुलं तुळशीवर ठेवून पुढे गेली. माझ्या दारात आली तेव्हा मी नेहमीसारखी ती डोळ्यांना लावली. ती म्हणाली, अगं, देवाची नाहीत ती. मी म्हटलं, ठाऊक आहे.

त्या दोन घरांतलं एक वर्षभरानं तिच्याकडे लसूण सोलायला आलं. कोण ते लिहीत नाही.

पुढे आजोबांचंही तिनंच पाहिलं. घड्याळांच्या कारखान्यानं लवकर निवृत्ती देऊन पुष्कळांना घरी बसवलं, त्यात आजोबा. दुसऱ्या दिवसापासून माणूस साडेसातला दाढी करून, डबा मागून, कोपऱ्यावर कारखान्याची बस यायची तिथे जाऊन उभा. बस यायची, जायची, हे परत. मी रडायला लागले की चिडायचे. सुंदराक्का तीन दिवस त्यांच्याशेजारी जाऊन नुसती उभी राहिली. चौथ्या दिवशी म्हणाली, ‘अण्णा, ही बस आपली नव्हे. मागून मार्केटची येते, ती आपली. चला, भाजी आणू.’ दोघं गेले. महिनाभर रोज गेले. मग एकदा बसमध्येच तिनं आपलं बंद पडलेलं मनगटी घड्याळ त्यांच्या हातावर ठेवलं. ते आजोबांनी ओसरीवर बसून उघडलं, आणि पुढे वठारातली सगळी घड्याळं त्यांच्याकडे यायला लागली. मला कधी कधी वाटतं, तिनं ते मुद्दाम बंद पाडलं असावं. विचारलं तर म्हणाली, ऑपरेटर असं सांगत नसते.

तू सहा वर्षांची असताना थंडीत वैजूबरोबर इथे राहायला आली होतीस. सुंदराक्का तोवर थकली होती. गुडघे गेले होते, आणि मधूनच तिचा तो जुना अंधार परत यायचा. मग ती दार लावून घ्यायची आणि हाकेला ओ द्यायची नाही. तेव्हा वैजू पातेलं घेऊन तिच्या उंबऱ्यावर जाऊन बसायची. बोलायची नाही. दाणे दाबायची. कधी तासानं, कधी दुसऱ्या दिवशी आतून आवाज यायचा, लाइन ठेव गं.

तो डिसेंबरातला दुसरा मंगळवार होता. वैजू तिला घेऊन निघाली, एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात तिचं मनगट. तू आणि मी बसपर्यंत पोचवायला गेलो. कंडक्टर घाई करत होता, आणि ही पायरीवर एक पाय ठेवून त्याला सांगतेय, सरी सरी, बरं बरं, तीन मिनिटं थांब, कुठे जळतंय का तुझं. खिडकीशी बसली. बस हलली तशी तिनं मान डावीकडे कलवली आणि हात कानाशी नेला, आणि तुझ्याकडे बघत राहिली, जणू तू आता काहीतरी सांगणार आहेस. तूही तुझा हात कानाशी नेलास. बस वळेपर्यंत तुम्ही दोघी तशाच.

तिला उभं, चालतं मी पाहिलं ते तेव्हाच शेवटचं. इस्पितळातून ती परस्पर भाचीकडे म्हैसूरला गेली, थंडी सरेपर्यंत म्हणून, आणि संक्रांतीच्या आत तिकडेच वारली. फुलं त्या दिवशी वैजूनं आणली होती. वीतवीतभर तोडून सातही घरी दिली. सातही घरांनी घेतली.

वैजू अजून वर्षातून दोनदा त्या डॉक्टरणीकडे जाते, हे तुला ठाऊक नसेल. आता ठाऊक झालं. तुला वाटेल तेव्हा ती तुझ्यासोबत येईल, तू फक्त म्हण.

आधी मात्र इकडे ये. ह्या रविवारी ये. अवरेकाळू आलेत बाजारात, मी भिजत घालते, मला एकटीला एवढे दाबून होत नाहीत आता. खिडकी उघडी असेल. आणि दिवसभर कानांत घालून बसतेस ना ते बोळे, ते तिकडेच ठेवून ये.